साथ सुरू, प्रयोग लागलेला: तिकीट काढायचं की नाही?

पेपरात एका पानावर तापाचे रुग्ण वाढल्याची बातमी आणि दुसऱ्या पानावर रविवारच्या नाटकाची जाहिरात आली, की माझा फोन वाजायला लागतो. "काय हो, होणार का प्रयोग?" मी नाट्यगृहाची व्यवस्थापक नाही. सांगलीच्या विश्रामबागेत आमची नाटकाची भिशी आहे आणि बँकेत जन्मभर कॅश मोजली म्हणून तिचा हिशोब माझ्याकडे आलाय, एवढाच माझा अधिकार. दर महिन्याला ठरलेली रक्कम जमते. भावे नाट्यमंदिरात किंवा दीनानाथला बरं नाटक लागलं की त्यातून सगळ्यांची तिकिटं निघतात. मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात असेल तर रिक्षाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. पुरुषांना आमच्यात बंदी नाही, पण ते पैसे वेळेवर देत नाहीत.

सगळ्यांना फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. "प्रयोग होणार का" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा, कारण त्याचं उत्तर तुमच्या हातात नाही. हातात असतात दोनच गोष्टी. तिकिटाचे पैसे कुठे नि कसे अडकवायचे ही एक, आणि त्या संध्याकाळी घराबाहेर पडायचं की नाही ही दुसरी. या दोन्हींची गाठ एकमेकींत पडू द्यायची नाही. साथीतला सगळा घोळ त्या गाठीपायी होतो. पैसे भरलेत, मग अंगात कणकण असली तरी माणूस क्रोसिन घेऊन खुर्चीत येऊन बसतो, आणि पुढच्या आठवड्यात अख्खी रांग खोकते.

प्रयोग नेमका कशानं रद्द होतो

लोकांना भीती सरकारी आदेशाची असते. खरं तर नाटक रद्द होतं ते बहुतेक वेळा कलाकाराच्या घशापायी. चार-पाच पात्रांच्या नाटकात एकाला ताप भरला की संपलं. छोट्या भूमिकेला रिप्लेसमेंट उभी करता येते, पण ज्याच्या नावावर तिकिटं खपलीत त्याच्या जागी दुसरा कोण आणणार? लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटकांत मुख्य भूमिका पाठ असलेला माणूस पगार देऊन तयार ठेवलेला असतो. आपल्याकडच्या निर्मात्याला ते परवडत नाही.

दुसरं कारण दौऱ्याचं. मुंबई-पुण्याचं नाटक एकट्या सांगलीसाठी येत नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कऱ्हाड, सातारा अशी माळ लावलेली असते. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, मुक्काम, प्रत्येकाची नाइट (म्हणजे प्रयोगाचं मानधन), हा सगळा खर्च त्या माळेवर वाटलेला असतो. त्यातले दोन प्रयोग गळाले की सांगलीत सगळे ठणठणीत असूनही आपला प्रयोग जातो. म्हणून मी सांगलीतले रुग्ण मोजत बसत नाही. पुरात आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते विचारतो, चाळीसला इशारा नि पंचेचाळीसला धोका हे पोरासोरांनाही पाठ असतं, पण ज्याला सामान वर चढवायचंय तो वरच्या कोयना धरणातून पाणी किती सोडलंय हे आधी बघतो. नाटकाच्या बाबतीत पुणे आणि कोल्हापूर बघायचं. तिथला शुक्रवार-शनिवारचा प्रयोग झाला असेल तर आपला रविवार बराचसा पक्का.

आता सरकारी बंदीचं. तिच्यामागे दोन कायदे असतात. एक साथरोगाचा, १८९७ सालचा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा. सही जिल्हाधिकाऱ्यांची किंवा महापालिका आयुक्तांची असते. म्हणजे "मंत्री टीव्हीवर असं म्हणाले" याला आदेश म्हणत नाहीत. तारीख, क्रमांक आणि सही असलेला कागद निघतो तेव्हा नाट्यगृह बंद होतं. तो कागद जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात. मोबाइलवर फिरत आलेल्या फोटोत तारीख आधी वाचा. जुने आदेश दर साथीला नव्यानं फिरतात.

बंदी येते ती मोठ्या शहरांतून आपल्याकडे उतरत येते. १३ मार्च २०२० ला नाट्यगृहं, सिनेमागृहं बंद करण्याचा पहिला आदेश निघाला तो मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर यांच्यासाठी. त्यात सांगली नव्हती, सातारा नव्हता. पण ज्या गावांतून नाटक निघतं तीच गावं बंद झाली, मग इथलं दार उघडं राहून उपयोग काय? २२ तारखेला जनता कर्फ्यू आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. त्याच मार्चच्या अखेरीला शंभरावं नाट्यसंमेलन सांगलीत सुरू व्हायचं होतं. ते शेवटी झालं जानेवारी २०२४ मध्ये, पिंपरी-चिंचवडला. आमच्या भिशीत हा विषय अजून काढायचा नाही असा अलिखित नियम आहे.

उघडणं मात्र सावकाश असतं, आणि तिकिटाचे खरे घोटाळे तिथेच होतात. २०२० साली नाट्यगृहांना परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबरपासून, म्हणजे नेमकी रंगभूमी दिनाला, आणि तीही निम्म्या खुर्च्यांवर. परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली असं नाही. तालमी, कलाकारांच्या तारखा, निम्म्या उत्पन्नात खर्च भागतो का याची आकडेमोड, यात डिसेंबर उजाडला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्म्या खुर्च्यांनी सुरू. पूर्ण क्षमतेची परवानगी मार्च २०२२ मध्ये आली ती आधी फक्त चौदा जिल्ह्यांना, आणि त्यात सांगली-सातारा दोन्ही होते. उरलेले निर्बंध गुढीपाडव्याच्या तोंडावर उठले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची गोष्ट तर अजून लांबची. १२ मार्च २०२० ला महिन्याभरासाठी म्हणून बंद झालेली ती थिएटरं, तिथली मोठी संगीत नाटकं परत सुरू व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला.

यातून व्यवहाराचं घ्यायचं ते एवढंच: "अमुक तारखेपर्यंत बंद" मधली तारीख ही तात्पुरती समजावी. त्या तारखेनंतरच्या पहिल्या रविवारचं तिकीट घाईनं काढू नये. आणि निम्म्या खुर्च्यांचा नियम लागण्याची शक्यता दिसत असेल तर तो जाहीर होईपर्यंत थांबावं. आधी विकलेल्या तिकिटांची मग फेरमांडणी होते, शेजारशेजारच्या दोघी एक सोडून एक बसतात, नाहीतर एकीचं तिकीट दुसऱ्या प्रयोगाला ढकललं जातं.

प्रत्येक साथ नाटकाच्या मुळावर येत नाही

डेंगी, चिकुनगुन्या डासांमुळे पसरतात. कावीळ, गॅस्ट्रो पाण्यातून. या साथींत नाट्यगृह बंद करायला कारणच नसतं. मध्यंतरात कूलरचं पाणी पिऊ नका, आपली बाटली न्या, आणि खुशाल जा. विचार करायचा तो हवेतून पसरणाऱ्या आजारांचा. फ्लू, करोना, गोवर. गोवराचा विषाणू तर रुग्ण उठून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, म्हणून गावात गोवर असेल तर लस न झालेल्या तान्ह्याला घेऊन नाटकाला येणाऱ्या आईला मी दारातूनच परत पाठवीन. (तान्ह्याला घेऊन एरवीही येऊ नये असं माझं मत आहे, पण ते वेगळ्या कारणासाठी.)

तिकीट काढताना

साथीच्या दिवसांत प्लॅन, म्हणजे खुर्च्यांची विक्री, उघडला रे उघडला की पळायचं नाही. एरवी पहिल्या चार रांगांसाठी आम्हीही सकाळी खिडकीवर जाऊन उभ्या राहतो. पण साथीत लोक कचरतात, प्लॅन भराभर भरत नाही, शेवटच्या दोन दिवसांतही बरी जागा मिळते. जितके उशिरा पैसे द्याल तितके कमी दिवस ते अडकतात. तीन महिन्यांनंतरच्या महोत्सवाचा अख्खा पास एकदम काढणं तर साथीत टाळाच. एकेका नाटकाचं तिकीट थोडं महाग पडेल, पडू दे.

खिडकीवर तिकीट काढत असाल तर पैसे देण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. प्रयोग रद्द झाला तर पैसे इथेच मिळणार की पुण्याच्या व्यवस्थापकाकडून? किती दिवसांत? तारीख पुढे गेली तर हेच तिकीट चालणार का, आणि मला ती तारीख जमली नाही तर? तो वैतागेल. मागचे लोक चुळबुळतील. तरी विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव तिकिटाच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. बँकेत आम्ही काउंटरवर काय बोललो हे लोक असं लिहून ठेवायचे तेव्हा मला राग यायचा, आता मीच ते करते.

तिकिटालय किंवा बुकमायशोसारख्या ॲपवर काढलं तर पैसे परत येतात ते सहसा ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. म्हणून भाच्याच्या मोबाइलवरून, त्याच्या कार्डानं तिकीट काढायचं असेल तर परतीचे पैसे त्याच्याकडे जातील हे लक्षात ठेवा. मग दिवाळीला तुम्ही ते मागणार नाही, आणि तो देणार नाही. तिकिटाच्या रकमेवर जे सुविधा शुल्क लागतं ते परत मिळेलच असं नाही, अटी वाचून घ्या. अटी इतक्या बारीक अक्षरात असतात की मी त्यांचा फोटो काढून मोठा करून वाचते.

कुठूनही काढा, पुरावा तीन ठिकाणचा ठेवा: तिकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो, पैसे गेल्याचा संदेश, आणि पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण. कात्रण कशाला? त्यात कलाकारांची नावं असतात. ज्या नटासाठी तिकीट काढलं तोच बदलला आणि ते आधी सांगितलं नाही, तर तुम्ही कशासाठी पैसे मोजले होते हे त्या कात्रणावर छापलेलं असतं.

पैसे परत मागताना

तिकिटामागे "एकदा विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही" असं छापलेलं असतं, आणि ते वाचून बरेच जण गप्प बसतात. तो नियम तुम्ही आला नाहीत तर आहे. प्रयोगच झाला नाही तर तो पुढे करता येत नाही. करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ६५ साधं आहे: करार पार पडणं अशक्य होऊन तो रद्दबातल ठरला, तर ज्यानं त्यापोटी काही घेतलंय त्यानं ते परत करावं. साथीमुळे बंदी आली यात प्रयोग गावात लावणाऱ्या ठेकेदाराचा दोष नाही हे खरं, पण म्हणून पैसे त्याचे होत नाहीत.

"रद्द" आणि "पुढे ढकलला" यातला फरक मात्र समजून घ्या, कारण ठेकेदार शक्यतो दुसराच शब्द वापरतो. पुढे ढकलला म्हटलं की पैसे त्याच्याकडेच राहतात. नवी तारीख सांगितली असेल आणि ती तुम्हाला जमत असेल तर तिकीट जपून ठेवा, कुरकुर करू नका. नवी तारीखच सांगत नसेल तर लेखी मागा. एका ठेकेदारानं आम्हाला "पुढच्या महिन्यात नक्की" असं इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी आम्ही सगळ्यांची तिकिटं एका पानावर चिकटवून, रक्कम लिहून, खाली सह्या करून ते पान त्याच्या हातात दिलं. एकेकटीला तो फोनवर टोलवत होता. पान बघितल्यावर आठवड्यात पैसे आले. तसंही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवली एवढं सांगितलं तरी कधी कधी काम होतं.

आता बँकवालीचं ऐका, कारण साथीत हे हमखास होतं. प्रयोग रद्द झाल्याची बातमी आली की चोरांनाही कळतं की शेकडो लोक पैशाची वाट बघतायत. मग फोन येतो. "मॅडम, तुमच्या नाटकाचा रिफंड द्यायचाय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका." पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ओटीपी विचारला, लिंक पाठवली, कुठलं तरी ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, की फोन ठेवायचा. नंबर कुणाचा वाटतो यावर जायचं नाही. आणि गेलेच पैसे, तर रडत न बसता लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते.

तापाचा डबा

हा आमच्या भिशीचा शोध, आणि मला विचाराल तर या सगळ्या लिखाणातली कामाची गोष्ट ही एकच.

आमच्यातल्या एका काकूंना नाटकाचं भयंकर वेड. शनिवारी फोनवर आवाज बसलेला, नाक वाहतंय, तरी म्हणतात, "तीनशे रुपये घातलेत, येतेच मी. मागे बसते." मागे बसल्यानं काय होणार? मागच्या खोकल्याला पुढे यायला वेळ लागत नाही. पण त्यांना "येऊ नका" म्हणणं म्हणजे "तीनशे रुपये पाण्यात घाला" म्हणणं. पेन्शनमधून काटकसरीनं काढलेले तीनशे रुपये असतात ते. त्यांचा दोष काय?

मग आम्ही भिशीच्या हप्त्यावर वीस रुपये जास्त घ्यायला सुरुवात केली. पंधरा जणी, वीस रुपये, म्हणजे महिन्याला तीनशे जमतात. एक तिकीट निघतं त्यात. स्टीलचा डबा वेगळा, वही वेगळी. जिला ताप, खोकला, घसा काहीही असेल तिनं प्रयोगाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन करायचा आणि तिकिटाचे पूर्ण पैसे डब्यातून घ्यायचे. डॉक्टरची चिठ्ठी मागायची नाही. खरंच आजारी आहे का, की नातू आलाय म्हणून टाळतेय, हे विचारायचं नाही. कुणी खोटं सांगितलंच, तर तीनशे रुपयांत एक खुर्ची मोकळी झाली, नुकसान काय? खरं आजारी असलेलीला संकोच वाटू नये हे जास्त महत्त्वाचं.

मोकळं झालेलं तिकीट वाया जात नाही. विलिंग्डन कॉलेजातल्या नाटकवेड्या पोरापोरींची नावं माझ्याकडे लिहिलेली असतात. फोन केला की पळत येतात, निम्मे पैसे देतात, ते डब्यात जातात. त्यामुळे डबा सहसा रिकामा होत नाही. काकूंना आता मी एवढंच सांगते, "काकू, पैसे डब्यातून घ्या, खोकला घरी ठेवा." त्याही ऐकतात. रागावतात, पण ऐकतात.

भिशी नसेल तर दोन घरांत, चार मैत्रिणींत हे करता येतं. एकट्या-दुकट्यानं जात असाल तर तिकीट काढतानाच ठरवून ठेवा की आजारी पडलो तर हे कुणाला द्यायचं. नाव आधी ठरलेलं असलं की दुपारी घालमेल होत नाही.

कधी जायचं नाही याचा आमचा नियम डॉक्टरांनाच विचारून ठरवलाय: तापाची गोळी न घेता चोवीस तास ताप नसला पाहिजे. गोळी घेऊन उतरलेला ताप हा उतरलेला धरायचा नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणून घरात कुणी आजारी असेल आणि आपला घसा खवखवायला लागला असेल तर "अजून काही झालेलं नाही" म्हणून निघू नका. पासष्टीच्या पुढचे, दमा-मधुमेहवाले, गरोदर बायका यांनी फ्लूची लस घ्यायची असेल तर नाटकाची जाहिरात बघून घेऊ नये, अंगात तिचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

इथे हमखास कुणीतरी बालगंधर्वांचं उदाहरण देतं. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. सांगली-मिरजेत हे ऐकत आपण वाढलो, आणि प्रयोग थांबू न देण्याचा आपल्याला फार अभिमान आहे. पण तो नटानं आपल्या दुःखाशी केलेला झगडा होता. प्रेक्षकानं ताप लपवून येण्याला त्याचा आधार घेऊ नये.

बाहेरगावाहून येणार असाल तर

तासगाव, विटा, इस्लामपूर, जत इथून सांगलीला नाटकाला येणारे खूप आहेत, आणि रद्द प्रयोगाचा खरा भुर्दंड त्यांना बसतो. तिकीट परत मिळतं, गाडीचं पेट्रोल नाही. तुम्हाला एक युक्ती सांगते. नाट्यगृहात फोन लागला तर "प्रयोग आहे का?" असं विचारू नका. आहे असंच उत्तर मिळतं, कारण रद्द झाल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नसतं. विचारा, "नेपथ्याचा ट्रक आला का?" रात्रीच्या प्रयोगाचा सेट लावायला वेळ लागतो, त्यामुळे ट्रक दुपारपर्यंत मागच्या दाराला लागलेला असतो. ट्रक आला असेल तर निघा. चार वाजले तरी ट्रकचा पत्ता नसेल तर चहा पीत घरी बसा. सातारकरांनी शाहू कला मंदिराच्या बाबतीतही हेच करावं.

परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे साथीत पुन्हा एकदा बघून घ्या. प्रवासी कमी झाले की रात्रीच्या फेऱ्या आधी बंद होतात.

खुर्चीत बसल्यावर

थोडक्यात सांगते. कडेची, दाराजवळची खुर्ची घ्या. उबळ आली तर कुणाच्या पायांवरून न जाता बाहेर पडता येतं. मास्क लावायचा तर एन-९५ लावा आणि नाकावर नीट बसवा. पहिल्या अंकात मास्क लावून दुसऱ्या अंकात हनुवटीवर आणणाऱ्यांनी तो घरीच ठेवला तरी चालेल. खडीसाखर पुडीतून आधीच काढून रुमालात ठेवा, शांत प्रसंगात प्लॅस्टिक वाजवू नका. हे साथ नसतानाही पाळावं.

सगळ्यात जास्त धोका मध्यंतरात. आत माणसं निदान एका दिशेला तोंड करून गप्प बसलेली असतात. बाहेर बटाटेवड्याच्या खिडकीपाशी सगळी तोंडाला तोंड लावून, मास्क काढून, मोठ्यानं बोलत उभी. साथीत आम्ही वडा सोडत नाही, पण घेऊन उघड्यावर जातो. तेवढ्यात घंटा झाली तर वडा पर्समध्ये.

आणखी एक. मोठ्यानं बोलताना, गाताना, हसताना तोंडातून बारीक थेंब जास्त उडतात. म्हणजे हाउसफुल फार्सला गंभीर नाटकापेक्षा धोका अधिक. साथ जोरात असेल तर कौटुंबिक रडारड बघावी, विनोदी नाटक पुढच्या दौऱ्याला. आमच्या भिशीत हा नियम मंजूर झाला नाही.

नाट्यगृह बंदच झालं तर

पैसे परत मागायचे म्हटलं, पण सगळ्यांकडे सारखे मागायचे नाहीत. मुंबईचा मोठा निर्माता, त्याचा ठेकेदार, त्यांच्याकडून पै न पै घ्या. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी आपल्या गावातली हौशी मंडळी, ज्यांनी भाड्याचा नि कपडेपटाचा खर्च खिशातून केलाय, त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे मागायला मी जात नाही. तुमचं तुम्ही ठरवा. पडद्यामागे प्रकाश, ध्वनी, रंगभूषा, कपडे सांभाळणाऱ्यांना पैसे प्रयोगागणिक मिळतात, प्रयोग नाही तर त्या दिवशी काहीच नाही. करोनात त्यांचे हाल सगळ्यांनी बघितले. भिशीचे पैसे बंदीच्या काळात तसेच पडून असतात, त्यातले थोडे कलाकारांच्या मदतनिधीला द्यायचे तर कुठल्या संस्थेला, कुणाच्या खात्यावर, हे पावतीसकट बघून द्या. मोबाइलवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर नाही, वर सांगितलं ते इथेही लागू.

भिशी मात्र बंद करू नका. हप्ता निम्मा करा, पण चालू ठेवा. एकदा मोडली की पुन्हा जमवताना सगळ्या जणी सांगतात, पुढच्या महिन्यापासून. मोबाइलवर नाटक बघण्यात मला राम वाटत नाही. त्यापेक्षा साथीचा जोर ओसरल्यावर कुणाच्या तरी गच्चीवर नाट्यवाचन करा. आम्ही हरिपूरच्या देवलांचं 'शारदा' वाचलं होतं. ज्या वहिनींना नाटकात कधी रस नव्हता, फक्त वड्यासाठी यायच्या, त्यांनी त्यातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ असा वाचला की शेजारच्या गच्चीवरचे लोक कठड्याशी आले.

निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृह पुन्हा उघडलं की भिशीतल्या सगळ्यांना तिकिटं मिळत नाहीत. तेव्हा ज्येष्ठता, आधी फोन कुणी केला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, असलं काही काढू नका. चिठ्ठ्या टाका, भिशीला चिठ्ठी नवी नाही. जिची निघेल ती पहिल्या प्रयोगाला, उरलेल्या पुढच्या. आणि चिठ्ठी निघालेलीनं आपलं तिकीट परस्पर जाऊबाईंना द्यायचं नाही, ते डब्यातच परत यायला हवं, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे तो नंतर लिहिला, त्यावरून दोघी जणी अजून शेजारशेजारच्या खुर्च्या घेत नाहीत.